तुंबलेलं चेंबर कुणाला कसं सांगावं

घरासमोरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि पाणी रस्त्यावर आलं, की इंदुरातल्या मराठी घराला संध्याकाळपर्यंत ही बातमी चार ठिकाणी सांगावी लागते. शेजारच्या काकू, सोसायटीचा ग्रुप, पुण्याहून यायला निघालेले मामा आणि महापालिकेचं झोन ऑफिस. मजकूर एकच असतो, पण एकीकडचं वाक्य दुसरीकडे जसंच्या तसं चिकटवलं की एक तर काम अडतं, नाही तर माणूस दुखावतो.

आधी तीन गोष्टी ठरवा. ऐकणाऱ्याला यातलं काय ठाऊक आहे? त्याने नेमकं काय करायला हवं? आणि हे बोलून संपणार आहे की कागदावर राहणार आहे? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि अर्जात गप्पा मारतात.

काकूंना फार काही लागत नाही. "काकू, चेंबर परत भरलंय हो, मागच्या दारानं या." इथे "चोक झालंय" म्हटलं तरी चालतं. घरगुती बोलण्यातली हिंदी वेचून काढत बसू नये, त्याने बोलणं अवघडतं.

ग्रुपचं तंत्र वेगळं. पहिल्या ओळीत जागा आणि अडचण, दुसरीत लोकांनी काय करायचं, तिसरीत पाठपुरावा कोण करतंय. तीन ओळींत संपवा:

"बी ब्लॉकच्या गेटसमोरचं चेंबर भरलं आहे. काम होईपर्यंत गाड्या मागच्या गेटने काढाव्यात. तक्रार आजच करत आहोत, सचिव बघत आहेत."

ग्रुपमध्ये दोन घरं जरी मराठी न जाणणारी असली तरी हाच निरोप हिंदीत टाका. "इथे कुणाचंच लक्ष नसतं" असं वाक्य मात्र कुठल्याही भाषेत नको. ज्यांनी हलायला हवं ते हे वाक्य स्वतःवर घेत नाहीत आणि खजिनदार नेमके घेतात. मग चेंबर राहतं बाजूला आणि हिशेब निघतात.

मामांना फोनच करा. आधी तब्येत, प्रवास, मग मुद्दा. वडीलधाऱ्यांना सूचना द्यायची तर "रिक्षा कोपऱ्यावर सोडा" यापेक्षा "कोपऱ्यावरच सोडलीत तर बरं पडेल, मी घ्यायला येतो" हे कानाला बरं लागतं. आणि "आज नर्मदा नाही, बोरिंगवर भागवतोय" हे इंदूरच्या माणसाला लगेच कळतं. नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून शहरात येतं, हे पुण्यातल्या मामांना कशाला ठाऊक असेल! त्यांना "नळाला पाणी नाही" एवढंच सांगावं.

तू-तुम्हीचा घोटाळा हिंदीत शिरताना होतो. मराठी "तुम्ही"मध्ये आदर आहे, हिंदी "तुम"मध्ये तो नाही. महाराष्ट्रातून नुकताच आलेला माणूस वॉर्डाची सफाई बघणाऱ्या दरोगासाहेबांना "तुम कब आओगे" विचारतो आणि समोरचा का आखडतो, हे त्याला कळत नाही. इंदुरात अनोळखी माणसाला, झाडूवाल्यालासुद्धा, "आप". वर "भिया" ("भैया"चं इंदुरी रूप) जोडलंत तर उत्तमच, पण ते फक्त तोंडी.

आता अर्ज. हा हिंदीत, कोऱ्या कागदावर, एका पानात. वर "सेवा में", मग "श्रीमान झोनल अधिकारी महोदय", झोन क्रमांक आणि "नगर पालिक निगम, इंदौर". त्याखाली दिनांक. विषय एका ओळीत, त्यात वॉर्ड क्रमांक हवाच. मग "महोदय, निवेदन है कि" आणि चार वाक्यं: कुठे, कोणत्या तारखेपासून, आधी कुठे कळवलं, काय व्हायला हवं. "कई दिनों से" लिहू नका, तारीख घाला. शेवटी "प्रार्थी", नाव, पत्ता, मोबाइल.

मराठी माणसाच्या हिंदी अर्जात दोन चुका हमखास सापडतात. "कृपया लक्ष दें" आणि "चेंबर साफ करके दीजिए". तिथे "ध्यान दें" आणि "साफ करवा दें" हवं. चुकीमुळे अर्ज कुणी परत करत नाही, पण वाचणारा अडखळतो.

एका अर्जात एकच तक्रार लिहा. चेंबर आणि बंद पथदिवा एकत्र लिहिले तर कागद एका विभागाच्या टेबलावर पडून राहतो आणि दुसऱ्याला पत्ताच लागत नाही. नळाच्या पाण्याला वास येत असेल तर तो मुद्दा चेंबरच्या अर्जात दडपू नका, त्याचा वेगळा अर्ज करा आणि वास पहिल्याच ओळीत लिहा, शिवाय त्याच दिवशी फोनही करा. तोवर ते पाणी पिऊ नका.

अर्जाच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. महापालिकेच्या "इंदूर 311" अ‍ॅपवर तक्रार टाकायची तर लांब मजकूर नको. फोटोत चेंबर आणि शेजारची ओळखू येणारी खूण दोन्ही येऊ द्या, लोकेशन नीट लावा, खाली एक वाक्य पुरे.

काम झालं नाही तर पुन्हा फोन कराल तेव्हा "पिछली बार भी" अशी सुरुवात नको. आवक क्रमांक आणि तारीख आधी सांगा, मग विचारा, "भाई साहब, टीम कब तक आ पाएगी?" मिळालेली वेळ त्याच प्रतीच्या मागे लिहून ठेवा.