ट्रकच्या खालच्या पत्र्यावरचे रंगाचे टवके: कुठे उडतात, कसे थांबवायचे

पिकअप ट्रकच्या दाराखालचा रंग जातो तो बहुतेक वेळा पुढे धावणाऱ्या गाडीमुळे नाही, तर ट्रकच्याच पुढच्या टायरमुळे. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाकाच्या वेगाने मागे भिरकावला जातो आणि रॉकर पॅनेलवर (दाराखालच्या लांब आडव्या पत्र्यावर), दाराच्या खालच्या वीतभर भागावर किंवा मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या कडेवर आदळतो. बॉनेटवरचे टवके दुसऱ्या गाड्यांचे, खालचे आपले. म्हणून आधी खडा अडवायचा आणि मग रंग झाकायचा. हा क्रम उलटा केला की कितीही चांगली पारदर्शक फिल्म लावली तरी ती दोन-तीन वर्षांत खडबडीत होते.

टायर बदलून रुंद घेतले असतील किंवा चाक बाहेर काढणारी रिम बसवली असेल, तर टायरची कड कमानीच्या बाहेर येते आणि मारा कितीतरी वाढतो. मोठ्या खाचांचे चिखलाचे टायर खडे जास्त धरून ठेवतात. ज्यांना डांबरी रस्त्यावरच चालवायचं आहे त्यांनी असे टायर न घेणं हाच सर्वात सोपा बचाव.

मारा नेमका कुठे बसतो हे अंदाजाने ठरवू नका. ट्रक स्वच्छ धुवा, ओल्या मातीच्या रस्त्यावर एक फेरी मारा आणि उतरून बाजूने बघा. पुढच्या चाकामागे चिखलाचा पंखा उमटलेला असतो: चाकाजवळ दाट, मागे जाताना विरळ. खडेही साधारण त्याच वाटेने जातात. दाट पट्ट्याच्या कडेने मास्किंग टेप लावा आणि फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं माप यावरून घ्यायचं.

कारखान्यातून येणारा रंग सगळे थर धरून साधारण 100 ते 130 मायक्रॉन असतो, म्हणजे कागदाच्या एका पानाएवढा. त्यावर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग लावून खडा थांबत नाही. सिरॅमिकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. त्याने धुणं सोपं होतं, एवढंच. माऱ्यापुढे टिकतात त्या तीनच गोष्टी: मडफ्लॅप, जाड पारदर्शक फिल्म आणि फवारून लावायचं खडबडीत पॉलियुरेथेन कोटिंग.

मडफ्लॅप टायरच्या पूर्ण रुंदीचा हवा, कडेला बोटभर जास्त असला तर उत्तम. पाच-सहा मिलीमीटर जाडीचं लवचीक रबर घ्या. कडक प्लास्टिक थंडीत तडकतं. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून टायर घासतो का बघा, आणि माल भरल्यावर फ्लॅप जमिनीला टेकत नाही याची खात्री करा. उंचसखल जागेत मागे घेताना फ्लॅप दगड आणि टायर यांच्यात सापडतो आणि चाकाच्या कमानीच्या आतलं प्लास्टिक अस्तर क्लिपांसकट ओढून काढतो. अशा वाटेवर जायचं असेल तर सहज काढता येणारे फ्लॅप घ्या. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. फ्लॅप जिथे रंगाला टेकतो तिथे मधे बारीक वाळू शिरते आणि पॉलिश पेपरसारखी रंग घासत बसते. बसवण्याआधी त्या जागी फिल्मचा तुकडा चिकटवा. नवं भोक पाडलंत तर त्याच्या कडेला प्रायमर आणि रंग लावून वाळू द्या, मगच बोल्ट घाला.

आता जुने टवके. त्यांच्यावरून तशीच फिल्म किंवा कोटिंग लावणं ही सर्वात महागात पडणारी चूक. आत ओल राहते, गंज पसरत जातो आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक टवक्यावरून नख फिरवा. कड उचलते तिथपर्यंतचा सैल रंग खरवडून काढा. लाल गंज असेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर टच-अप रंगाचे पातळ थर. एकाच जाड थेंबात खड्डा भरायला गेलात तर तो वरून वाळतो आणि आत मऊ राहतो. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर लाल गंज येत नाही, पण पांढरी भुकटी धरून रंगाला फोड येतात. त्यावर लोखंडी तारेचा ब्रश चालवू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंज वाढवतात.

ट्रकच्या बाजूला खाली जी आडवी घडी असते, तिच्याखाली कोटिंग आणि वर फिल्म, ही विभागणी सर्वात चांगली. मात्र कोटिंग आधी करायचं. खडबडीत पृष्ठभागावर फिल्म धरत नाही, म्हणून दोन्हींच्या कडांमध्ये दोन-तीन मिलीमीटर जागा सोडायची.

कोटिंगसाठी आधी डांबर आणि टायर-पॉलिशचे डाग पूर्ण काढा. पॉलिशमधल्या सिलिकॉनचा अंश राहिला तर कोटिंग तिथून सरकतं आणि गोल खळगे पडतात. घडीवर टेप लावताना तिची खालची अर्धी रुंदी वर दुमडून ठेवा, म्हणजे कड धारदार न होता विरत जाते. मग टेपच्या खाली 320 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. आडव्या उजेडात बघा: जिथे चकाकी उरली आहे तिथूनच कोटिंग पुढे पापुद्र्यासारखं सुटणार. रॉकर पॅनेलच्या तळाशी पाणी निचरण्याची भोकं असतात. त्यांत स्पंजचे कानबोळे खोचा आणि काम झाल्यावर आठवणीने काढा. ती बुजली तर पॅनेल आतून सडतं, आणि ते सर्वात शेवटी कळतं.

कोटिंगच्या बऱ्याच संचांत तीन भाग राळ आणि एक भाग हार्डनर असं प्रमाण असतं. डब्यावर जे लिहिलंय तेच धरा. दोन मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर उंच पट्टा दोन्ही बाजूंना करायचा तर एक लिटर मिश्रणात दोन हात होतात. फवारणीची गन पत्र्यापासून सुमारे 40 सेंटिमीटरवर धरा. हवेचा दाब जास्त ठेवला की दाणा बारीक, कमी ठेवला की जाड. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. पहिला हात पातळ, तासाभराने दुसरा भरीव. दुसऱ्या हातानंतर कोटिंग कडक व्हायच्या आत टेप काढा, नाहीतर कड फाटते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम पेंटरकडे द्या, हे अगदी कळकळीचं सांगणं.

आठवडाभराने फिल्मकडे वळा. वरचा रंग दुकानात नव्याने मारलेला असेल तर मात्र महिनाभर थांबा. रंगातून सॉल्व्हंट (रंग पातळ करणारा द्रव) बाहेर पडत असतो, तो फिल्मखाली अडकून फोड येतात. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची 200 मायक्रॉनच्या आसपासची फिल्म घ्या. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब हे सरकवण्याचं पाणी, आणि 85 भाग पाण्यात 15 भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल हे चिकटवण्याचं. सावलीत, वारा नसताना, क्ले बार (रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवून आणि अल्कोहोलने पुसून घेतलेल्या पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर मारा. फिल्म ठेवा, मध्यापासून कडेकडे स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढा, आणि फक्त कडांना अल्कोहोलचं पाणी द्या. कोपऱ्यावर बसत नाही म्हणून फिल्म जोरात ताणू नका. ती दोन दिवसांत मागे सरकून उचलते. हलकी ऊब द्या आणि अंगठ्याने दाबून धरा. दाराच्या खालच्या कडेवरून पाच-सहा मिलीमीटर आत दुमडा, पण दाराच्या तळातल्या निचऱ्याच्या फटी मोकळ्या ठेवा. रंगावर ब्लेड चालवून फिल्म कापू नका. हात थोडा जड पडला तरी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) चिरतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. आधी कागदाचा साचा करून बाहेर कापा.

पाण्याचे बुडबुडे काही दिवसांत जातात; आत दिसणारा धुळीचा कण जात नाही, तो तेव्हाच उचलून धुवा. दोन दिवस पाणी लावू नका, आठवडाभर पाण्याचा जोरदार जेट मारू नका. नंतरही जेट कडांपासून हातभर दूर आणि कडेला तिरका न मारता सरळ धरा.

डांबरासारखा काळा अंडरकोट दिसणाऱ्या पत्र्यावर कधीच लावू नका. तो वाळून तडकतो, तडे पाणी धरतात, आणि त्यावर पुढे रंग बसत नाही. दर सहा महिन्यांनी फ्लॅपचे बोल्ट, चाकाच्या अस्तराच्या क्लिपा आणि फिल्मच्या पुढच्या कडा तपासा. फिल्मला भोक पडलेलं दिसलं तर तेवढाच तुकडा काढून खालचा रंग बघा, टवका असेल तर आधी तो भरा आणि मग नवा तुकडा लावा.