दहा बाय दहाच्या खोलीत, पावसाळ्यात, गरोदरपणी हालचाल कशी ठेवावी

सातवा महिना, जिन्यावर शेवाळ, रस्त्यावर गुडघाभर पाणी. अशा दिवसांत घराबाहेर पडू नये हे खरंच. पण म्हणून दिवसभर पलंगावर पडून राहिलं की पाय सुजतात, कंबर धरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार, काही अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. घरात ती दहा-दहा मिनिटं करून सहज जमते.

आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. वार (बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला भाग) खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढला असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर त्यांच्या होकाराशिवाय यातलं काही करू नका.

पायपुसणं उचलून ठेवा, फरशी कोरडी करा, मोजे काढा. पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो, त्यामुळे घसरण्याचा धोका जास्त.

१. जागच्या जागी ५ मिनिटं चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच दम लागू द्या.

२. खुर्ची भिंतीला टेकवून ८-१० वेळा उठा-बसा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. उठताना श्वास सोडा. बऱ्याच जणी इथेच श्वास रोखतात आणि सगळा ताण ओटीपोटावर येतो.

३. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा धरून टाचा १५ वेळा उचला, सावकाश टेकवा. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, म्हणून पायांना हे फार उपयोगी.

४. बसल्या बसल्या, लघवी अडवतो तसे स्नायू ५ सेकंद आवळा आणि पूर्ण सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

चौथ्या महिन्यानंतर पाठीवर झोपून करायचे व्यायाम टाळा. पिशवीच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दाबली जाऊन गरगरू शकतं. तसं झालं तर लगेच डाव्या कुशीवर वळा.

रक्त किंवा पाणी जाणं, छातीत दुखणं, चक्कर, एकाच पोटरीत दुखून सूज, ठराविक अंतराने पोट कडक होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही जाणवलं तर थांबा आणि पाऊस ओसरायची वाट न पाहता दवाखाना गाठा.