घरातली एक वस्तू देवाच्या सेवेला कशी लावावी

चर्चमध्ये हंगामाच्या सणाला भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्या वेदीपुढं येतात, उपासनेनंतर लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या पेटीत पडतात. ते दान एका दिवसात पुरं होतं. स्कूटर, शिलाई मशीन, बाहेरची खोली अशी वापरातली वस्तू वाहिली तर ती घरातच राहते आणि आपणही ती रोज वापरतो. त्यामुळं "प्रभू, सगळं तुझंच आहे" अशी प्रार्थना होते आणि घरातली एकही वस्तू जागची हलत नाही.

बायबलमधल्या शुनेमच्या बाईनं (2 राजे 4) अलीशा संदेष्ट्यासाठी खोली द्यायची ठरवली, तेव्हा असं मोघम ठेवलं नाही. आधी नवऱ्याशी बोलली, मग खोली कुठं बांधायची, तिच्यात पलंग, मेज, बैठक आणि दिवा ठेवायचा, आणि हे सगळं कुणासाठी, तेही ठरवलं. तोच क्रम धरावा. वस्तू एकच निवडा. वहीत चार गोष्टी लिहा: वस्तू, काम, वार-वेळ, सांभाळणारा माणूस. उदाहरणार्थ: "स्कूटर, शेजारच्या आजींना उपासनेला नेणं-आणणं, रविवार सकाळी साडेआठ, थोरला मुलगा." मुदत सहा महिने ठेवा. जन्मभराचे नवस उत्साहात बोलले जातात आणि पावसाळ्यात मोडतात.

वस्तूवर ज्यांचा हक्क आहे त्या सगळ्यांचा होकार आधी घ्या. आईच्या औषधाचे पैसे अडवून केलेलं दान येशूनं मार्क 7 मध्ये 'कुर्बान'च्या (म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूच्या) निमित्तानं स्पष्ट नाकारलं आहे. हप्ते थकलेली गाडीही तूर्त नको. होकार मिळाला की रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वस्तू किंवा तिची किल्ली मधे ठेवून 1 इतिहास 29:14 वाचा आणि वहीतली ओळ मोठ्यानं म्हणा. पाळकांना कळवा, म्हणजे गरजू माणूस तुमच्यापर्यंत पोचेल. उपासनेत जाहीर घोषणा मात्र नको. घोषणा झाली की ज्यांच्याकडं देण्यासारखं काही नाही, ती माणसं मागच्या बाकांवर सरकतात.

घर प्रार्थनासभेसाठी देत असाल तर गडबड बहुधा खाण्यावरून होते. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे, चौथ्या घरी बिर्याणी, आणि पाचवं घर "आमच्याकडं नको" म्हणतं. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: पाणी आणि चहा, त्यापुढं काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजीवर पंधरा माणसं बसतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन-चार खुर्च्या भिंतीला लावा. साडेसातला सुरू, साडेआठला आशीर्वाद. स्पीकर नकोच. चपला शेजाऱ्याच्या दारापुढं जाऊ देऊ नका. तक्रार बहुतेक वेळा गाण्यांपेक्षा चपलांची येते.

गाडीच्या बाबतीत: खासगी नंबरप्लेटच्या गाडीतून भाड्यानं माणसं नेता येत नाहीत, आणि तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. म्हणून माणशी पैसे घेऊ नका. पेट्रोल झेपेल तितक्याच फेऱ्या कबूल करा. मागं बसणाऱ्या आजींनाही हेल्मेट लागतं. ते जादा घेऊन ठेवा.

काहीच नसेल तर तांदळाचा डबा आहे. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत 1910 पासून 'बुहफाई थाम' चालतं: स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवासाठी बाजूला. कोरड्या तांदळाची मूठ सुमारे 40 ते 50 ग्रॅमची, म्हणजे दोन वेळच्या दोन मुठींचे महिन्याला अडीच-तीन किलो. डबा घट्ट झाकणाचा, कोरडा, पातेल्याच्या जवळ ठेवा. माळ्यावर गेला की विसर पडतो. ज्वारी आणि तांदूळ एकत्र टाकू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिकामा करा. जास्त दिवस ठेवलं की टोके होतात, आणि किडका तांदूळ देवाला देणं म्हणजे मलाखी 1:8 मधलं लंगडं जनावर. घरात खातो तोच तांदूळ डब्यात पडला पाहिजे.

शिलाई मशीनला विधवांसाठी कपडे शिवणाऱ्या दोर्कसचा दाखला सगळे देतात (प्रेषितांची कृत्ये 9). पण कापड, दोरा कोण आणणार हे ठरलं नाही तर मशीन नुसतंच झाकून राहतं. महिला मंडळानं कापड द्यावं, तुम्ही महिन्याला दोन झबली किंवा एक परकर शिवून द्यावा.

वस्तू मंडळीच्या मालकीची करायची असेल तर रस्ता वेगळा. भांडी, पंखा, खुर्च्या असतील तर ट्रस्टच्या नावाची पावती घ्या. जमीन किंवा घर असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय ते होत नाही, आणि वारसांशी बोलणं त्याआधी. मोशेनं तर निवासमंडपाचं (देवाच्या उपासनेच्या तंबूचं) सामान पुरेसं झाल्यावर आणू नका असं सांगितलं होतं (निर्गम 36). चर्चला चौथं भिंतीवरचं घड्याळ देण्याआधी पंचांना विचारा.

सहा महिने झाले की वही काढा. किती रविवार चुकले आणि का, ते बघा. फेरी चुकायचं कारण पंक्चर असेल तर दुरुस्त करून पुढं चालू ठेवा. कारण मुलाची परीक्षा असेल तर वार बदला. आणि घरात चिडचिड वाढली असेल, तर पाळकांना पंधरा दिवस आधी सांगून थांबा, म्हणजे आजींसाठी दुसरी गाडी बघता येईल.