छोट्या खाण कंपनीची पेटंटे आणि कारभार : भागधारकांनी या चुका टाळाव्यात

खनिजशोधाच्या टप्प्यावर असलेल्या छोट्या कंपन्यांना बाजारात ज्युनिअर मायनिंग कंपन्या म्हणतात. त्यांना विक्रीतून उत्पन्न बहुधा नसते. नवे समभाग विकून त्यांचा खर्च चालतो आणि समभाग विकले जाण्यासाठी बातम्या लागतात. खनिजपट्ट्याच्या जोडीला धातू वेगळा करण्याची स्वतःची प्रक्रिया आपल्याकडे आहे असे एखादी कंपनी सांगू लागली, की पेटंट ही तिची सर्वांत सोयीची बातमी होऊन बसते. छोटा भागधारक ती बातमी वाचतो, मात्र तिच्यामागची मूळ नोंद पाहत नाही आणि पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. अशा कंपन्या मोठ्या संख्येने कॅनडात नोंदलेल्या असल्याने पुढील नियम मुख्यतः तेथील आहेत.

अर्जालाच पेटंट समजणे

‘पेटंट दाखल केले’ या शब्दांवरून कंपनीने अर्ज केला आहे एवढेच कळते. अमेरिकेतील प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज तर तपासलाही जात नाही आणि स्वतंत्रपणे प्रसिद्धही होत नाही. बारा महिन्यांत त्यावर आधारित पूर्ण अर्ज केला नाही तर तो संपतो. ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ हा शब्दप्रयोग दिसला, तर अधिक सावध व्हावे, कारण असे पेटंट अस्तित्वातच नाही. एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याची सोय देणाऱ्या पेटंट सहकार्य कराराखाली केलेला अर्ज पहिल्या दाखल तारखेपासून अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्याच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यूओ’ ही अक्षरे असतात, आणि साधारण तीस महिन्यांच्या आत प्रत्येक देशात वेगळी कार्यवाही व वेगळे शुल्क भरले नाही तर त्या देशापुरता तो अर्ज निकामी होतो. अमेरिकी दस्तऐवजांत क्रमांकाच्या शेवटी ‘ए१’ असेल तर तो प्रसिद्ध झालेला अर्ज असतो आणि ‘बी१’ किंवा ‘बी२’ असेल तर मंजूर पेटंट. एस्पेसनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स या तिन्ही संकेतस्थळांवर ही माहिती विनामूल्य पाहता येते.

बातमीत क्रमांकच दिला नसेल, तर शोधक म्हणून नमूद झालेल्या व्यक्तीच्या नावाने शोध घ्यावा. तरीही काही सापडले नाही, तर अठरा महिने अजून झाले नसावेत, किंवा अर्ज दुसऱ्याच संस्थेच्या नावावर असावा. ही दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे आणि तिचा विचार पुढे केला आहे.

शीर्षक आणि सारांश वाचून थांबणे

पेटंटाचा हक्क त्याच्या दाव्यांतून, म्हणजे नेमके कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या क्रमांकित वाक्यांतून ठरतो, शीर्षकातून नव्हे. पहिल्या दाव्यात विशिष्ट आम्ल, विशिष्ट तापमानाची मर्यादा आणि गाळण्याचा विशिष्ट क्रम या तिन्ही अटी घातलेल्या असतील, तर त्यांपैकी एक अट वगळून तोच धातू काढणारा स्पर्धक त्या दाव्याच्या बाहेर राहू शकतो. दावा जितका लांब, तितके त्याचे कुंपण सहसा अरुंद. आंतरराष्ट्रीय अर्जाला शोध अहवाल, म्हणजे परीक्षकाने शोधलेल्या जुन्या तत्सम दस्तऐवजांची यादी, जोडलेला असतो. त्यात एखाद्या जुन्या दस्तऐवजापुढे ‘एक्स’ हे अक्षर असेल, तर नमूद केलेला दावा नवा किंवा कल्पक मानण्यास तो एकटाच आड येतो असे परीक्षकाचे मत असते. ‘ए’ म्हणजे केवळ पार्श्वभूमी. दोन पानांचा हा अहवाल वाचायला दहा मिनिटे पुरतात आणि तो कंपनीच्या दहा निवेदनांहून अधिक सांगून जातो.

शिवाय पेटंट इतरांना रोखण्याचा हक्क देते. स्वतःची प्रक्रिया वापरण्याची हमी देत नाही. कंपनीची सुधारणा दुसऱ्याच्या मूळ पेटंटावर उभी असेल, तर त्या मालकाची परवानगी लागतेच.

पेटंट कोणाच्या नावावर आहे हे न पाहणे

पेटंट आणि कारभार हे दोन विषय या ठिकाणी एकत्र येतात आणि माझ्या मते छोट्या भागधारकाने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. पेटंट कित्येकदा शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या कंपनीच्या मालकीचे नसते. ते एखाद्या संचालकाच्या खासगी कंपनीकडे, विद्यापीठाकडे किंवा सल्लागाराकडे असते आणि नोंदणीकृत कंपनीकडे केवळ परवाना असतो. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या हस्तांतरण नोंदी सर्वांना खुल्या आहेत, त्या पाहाव्यात. परवाना असल्यास तो एकाधिकाराचा आहे का, कोणत्या धातूंपुरता व देशांपुरता आहे, ठरलेली रक्कम वेळेत न दिल्यास तो रद्द होतो का आणि कंपनीची मालकी बदलल्यास त्याचे काय होते, हे प्रश्न विचारावेत.

यानंतर वार्षिक हिशेबातील ‘संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार’ ही टीप उघडावी. परवाना शुल्क, सल्लागार शुल्क, कार्यालयाचे भाडे आणि प्रयोगशाळेचा खर्च हे सर्व त्याच एका व्यक्तीच्या संस्थांकडे जात असेल, तर पेटंटाच्या बातमीचा पहिला लाभार्थी कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. असा व्यवहार बेकायदा असतोच असे नाही. तो कोणी मंजूर केला आणि त्या वेळी हितसंबंध असलेला संचालक मतदानातून बाजूला झाला होता का, हे पाहायचे असते.

पेटंट चालू ठेवण्याच्या शुल्काची बाब थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी, तर कॅनडात अर्जाच्या दुसऱ्या वर्षपूर्तीपासून दरवर्षी शुल्क भरावे लागते. नोंदीत पेटंट रद्द झालेले दिसले तर लगेच समभाग विकायला धावू नये. मुदतीनंतर ते पुन्हा चालू करण्याची सोय काही काळ असते, शिवाय रद्द झालेला दस्तऐवज त्याच कुटुंबातील, म्हणजे एकाच शोधाशी निगडित दस्तऐवजांतील, बिनमहत्त्वाचा असू शकतो.

पेटंटातील प्रयोग आणि कंपनीचे खनिज एकच मानणे

पेटंटात दिलेली उदाहरणे प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रावणावर किंवा दुसऱ्याच खाणीतील खनिजावर केलेली असू शकतात. १९९७ मध्ये ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीचा इंडोनेशियातील बुसांग येथील सोन्याचा दावा खोटा ठरल्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१ हा खनिजविषयक माहिती जाहीर करण्याचा नियम लागू केला. त्यानुसार होणाऱ्या तांत्रिक अहवालाचा तेरावा भाग खनिजप्रक्रिया आणि धातुविज्ञान चाचण्यांचा असतो. नमुना कोठून घेतला, किती वजनाचा होता, चाचणी कोणी केली आणि धातूची प्राप्ती किती झाली, हे त्यातून पाहावे. पेटंटातील प्रक्रियेचा उल्लेखच त्या भागात नसेल, तर ती प्रक्रिया कंपनीच्या खनिजावर अजून सिद्ध झालेली नाही असेच धरून चालावे.

सभेची कागदपत्रे न उघडणे आणि मत वाया जाणे

सभेपूर्वी येणाऱ्या परिपत्रकात संचालकांचे मानधन, समभाग पर्याय (ठरलेल्या भावाने पुढे समभाग घेण्याचे हक्क) आणि लेखापरीक्षकातील बदल यांची माहिती असते. टीएसएक्स व्हेंचर या छोट्या कंपन्यांच्या कॅनडातील शेअर बाजारातील अनेक कंपन्या एकूण समभागांच्या दहा टक्क्यांपर्यंतची फिरती (एकूण समभाग वाढले की वाढणारी) पर्याय योजना ठेवतात आणि तिला भागधारकांची मंजुरी दरवर्षी घ्यावी लागते. आपला हिस्सा मोजताना हे पर्याय आणि वॉरंट (गुंतवणूकदारांना दिलेले तसेच हक्क) धरूनच मोजावा. अन्यथा कंपनीचे मूल्य प्रत्यक्षाहून स्वस्त भासते.

मतपत्रिका आलीच नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. समभाग दलालाच्या नावावर असतील, तर कंपनीच्या नोंदवहीत आपले नाव नसते आणि मतदान सूचनापत्र दलालामार्फत येते. त्याची अंतिम वेळ कंपनीने छापलेल्या मुदतीच्याही आधीची असते. नोंद तारीख (ज्या दिवशीचे भागधारक मतदानास पात्र ठरतात ती तारीख) जाहीर होताच दलालाकडे विचारणा करावी. पाच टक्के मताधिकार एकत्र आला, तर विशेष सभेची मागणी करता येते.

व्यवस्थापनाला प्रश्न लेखी विचारावा आणि त्यात दस्तऐवजाचे नाव, पान व पेटंट क्रमांक द्यावा. प्रसिद्ध न झालेली महत्त्वाची माहिती एकाच भागधारकाला देण्यास कंपनीला मनाई आहे, त्यामुळे ‘पुढे काय घडणार’ असे न विचारता ‘या पानावरील आकडा त्या पानाशी का जुळत नाही’ असे विचारले, तर टोलवाटोलवी करणे अवघड जाते. कोणी खासगीत आतली बातमी सांगितलीच, तर ती जाहीर होईपर्यंत त्या समभागाची खरेदी-विक्री करू नये. तसा व्यवहार गुन्हा ठरतो.