हिरड्यांच्या आजारात अँटीऑक्सिडंट गोळ्या : या चुका टाळा

ब्रश करताना रक्त दिसले की बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या औषध दुकानातून ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणायच्या आणि दंतवैद्याकडे जाणे लांबवायचे, ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हिरड्यांचा आजार दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरातून सुरू होतो. या जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे जे तीव्र रेणू सोडतात, ते अति झाले की हिरडीला आणि दाताभोवतीच्या हाडालाही इजा करतात. हे रेणू निष्प्रभ करणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वासारख्या अँटीऑक्सिडंटचे काम फक्त या दुसऱ्या टप्प्यावर आहे, आणि स्केलिंगच्या (दंतवैद्याने दातांवरचे किटण खरवडून काढण्याच्या) जोडीला घेतल्यावरही त्यांचा दिसलेला फायदा माफकच आहे. दातावर घट्ट बसलेले किटण कोणत्याही गोळीने विरघळत नाही. ‘स्केलिंगने दात हलतात’ ही भीतीही निराधार आहे. हाड झिजून आधीच सैल झालेल्या दाताला किटणाने धरून ठेवलेले असते, ते निघाल्यावर सैलपणा जाणवतो इतकेच.

तंबाखूविषयी निपाणी-चिकोडी भागात स्पष्टच बोलले पाहिजे. सकाळी मिशेरी लावायची आणि रात्री गोळी घ्यायची, याने हिरडी सुधारणार नाही, कारण इजा रोज नव्याने होत राहते. बिडी ओढणाऱ्यांच्या हिरडीतून तर रक्त कमी येते, त्यामुळे आत आजार वाढत असतानाही सारे ठीक आहे असे वाटते. अशांनी बीटा-कॅरोटीन (हाही एक अँटीऑक्सिडंट) असलेल्या कॅप्सूल स्वतःहून मुळीच घेऊ नयेत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील मोठ्या चाचणीत, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले होते.

मात्रेबाबतही गैरसमज आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ‘क’ जीवनसत्त्व प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते, आणि एका मध्यम पेरूतून ते सहज मिळते. मोठ्या मात्रेने मुतखड्याचा धोका वाढतो; चघळायची आंबट गोळी तोंडात घोळवत ठेवल्यास दातांचे कवच झिजते. मधुमेह असेल तर गोळीआधी रक्तातील साखर तपासावी, कारण ती आटोक्यात नसताना हिरडी भरून येणे कठीण असते. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून स्केलिंगला जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि दंतवैद्यांना दाखवावीत.