नागपूरच्या उन्हात लांब ट्रायथलॉनची तयारी: आधी कूलर कसा चालतो ते समजून घ्या

राजेहो, मार्च संपत आला की आमच्यासोबत सायकलिंग करणारं कोणी ना कोणी हमखास विचारतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याची हाफ आयर्नमॅन (आयर्नमॅन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची लांब ट्रायथलॉन, हाफ तिच्या अर्ध्या अंतराची) करायची आहे, तर मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवर सायकल काढली की बॉडी उन्हाला तयार होईल ना? सरळ उत्तर, नाही होणार. उलट दवाखान्यात जायची वेळ येऊ शकते. आपल्याला वाटतं आपण नागपूरचे, आपल्याला ऊन काय नवीन आहे, २३ मे २०१३ ला इथं ४७.९ डिग्री झालं होतं तेही आपण काढलं. पण काढलं कसं ते आठवा ना. दुपारी बारा ते पाच कूलरसमोर, बाहेर पडलो तर डोक्याला दुपट्टा, आणि परत येऊन पन्हं. म्हणजे शरीराला उन्हात काम करायची सवय लागलीच नाही, उन्हापासून लपायची लागली. ती सवय रोजच्या जगण्यात एकदम बरोबर आहे, पण १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल मारून मग २१.१ किलोमीटर पळायचं असेल (आणि फुल असेल तर ३.८, १८० आणि ४२.२), तर ती कामाची नाही.

आता कूलरचं. मे महिन्यात आपला लोखंडी कूलर खोली गारेगार करतो आणि पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, हे नागपुरात लहान पोरालाही माहीत आहे. कारण कोरड्या हवेत ताट्यांवरचं पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, हवेत ओल असली की पाणी फारसं उडतच नाही. तुमचा घाम डिट्टो हेच काम करतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सायकल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम पाव पॅडलवर जाते, बाकी सगळी गरमी. आणि बाहेर ४४ डिग्री असेल तर कातडी ३५ च्या आसपास असल्यामुळे हवासुद्धा तुम्हाला तापवून राहिली असते. तेव्हा घाम उडणं एवढा एकच रस्ता उरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम दिसत नाही, येतो तसा उडून जातो, जर्सीवर फक्त मिठाचे पांढरे पट्टे उरतात, आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम कमीच येतो म्हणून पाणी कमी पितो. दुसरी म्हणजे गोव्यात किंवा मलेशियातल्या लंकावीला थर्मामीटर ३२ दाखवतो आणि आपला माणूस म्हणतो हे तर काहीच नाही, पण तिथं घाम टपटप खाली पडतो, उडत नाही, जुलैतल्या कूलरसारखं. खाली पडलेला घाम वाया गेला, त्यानं पाणीही गेलं आणि गारवाही मिळाला नाही. म्हणून नुसता आकडा पाहून पेस (आपला वेग) ठरवू नका, हवेतली ओल पण पाहा.

पहिलं काम, घाम मोजा. वजनकाटा घरी असतोच. लघवी करून, कपडे काढून वजन घ्या, एक तास रेसच्या वेगानं सायकल किंवा रनिंग करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन घ्या, आणि मधात जेवढं पाणी प्यायलं ते त्यात मिळवा. समजा वजन ९०० ग्रॅम कमी झालं आणि तुम्ही ७५० मिली प्यायलात, तर तासाला १.६५ लिटर घाम. एकदा मार्चमध्ये करा, एकदा एप्रिलअखेर संध्याकाळी, एकदा ऑगस्टच्या दमटात, आणि सायकलचा आणि रनिंगचा वेगवेगळा, कारण रनिंगमध्ये वारा कमी लागतो. आकडे वहीत लिहून ठेवा, मोबाईलमध्ये हरवतात.

आता १.६५ लिटर गेलं म्हणून १.६५ लिटर प्यायचं का? नाही. पळता पळता पोट तासाला लिटरभरापेक्षा जास्त सहसा घेत नाही, वरचं सगळं पोटात डुचमळतं आणि मग उलटी. रेस संपेपर्यंत वजन दोन-तीन टक्के कमी झालं तर चालतं. उलट साधं पाणी ढोसत राहणं जास्त घातक, रक्तातलं सोडियम पातळ होतं, बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी पाजतात. यात माणूस जाऊ शकतो. वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलं असेल तर पाणी ताबडतोब थांबवा आणि मेडिकल टेंट गाठा.

मिठाचं गणित साधं आहे. घामाच्या एका लिटरमध्ये साधारण अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातं, माणसागणिक फरक खूप. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याच्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये जवळपास १.७ ग्रॅम सोडियम असतं, पण साखर फक्त साडेतेरा ग्रॅम, म्हणजे मीठ मिळालं, ताकद नाही. तुम्हाला तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब (साखर-पिठासारखं ताकद देणारं) लागतात, पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत. म्हणून मी एका बाटलीत अर्ध्या ताकदीचं ओआरएस आणि त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (कमी गोड, पाण्यात विरघळणारी कार्बची पावडर) टाकतो, दुसरीत साधं पाणी, ते प्यायलाही आणि डोक्यावर ओतायलाही. घरच्या राईडला कैरीचं पन्हं मीठ-गूळ टाकून पातळ केलेलं मस्त चालतं, आंबट असल्यामुळे गोडाचा कंटाळा येत नाही. पण रेसमध्ये जे प्यायचं तेच आधी दहा वेळा पिऊन पाहिलेलं पाहिजे. उन्हात रक्त कातडीकडे धावतं, पोटाला कमी मिळतं, म्हणून घट्ट खाणं पचत नाही. चॉकलेटचे बार तर खिशातच वितळतात. खजूर आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा सायकलच्या पहिल्या अर्ध्यात ठीक, नंतर सगळं पातळच.

बाटलीचं पण ऐका. मे महिन्यात वीस मिनिटांत बाटलीतलं पाणी चहासारखं होतं आणि गरम पाणी कोणी पीत नाही, मग तिथूनच सगळं बिघडतं. रात्री एक बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा. दुसरीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला करा, जुन्या काळी ट्रकला छागल (पाण्याची कापडी पिशवी) लटकवायचे तेच तंत्र, आपल्या कोरड्या हवेत झकास काम करतं. गोव्यात याचा काही उपयोग नाही, का ते वर सांगितलंच.

आता उन्हाची सवय कशी लावायची, कारण यातच लोक चुकतात. शरीर गरमीला जुळवून घेतं आणि लवकर घेतं, रोज तासभर नीट गरम झालं तर दहा ते चौदा दिवसांत बरंच काम होतं. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं म्हणून हार्ट रेट खाली येतो, मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणजे कूलरची टाकी मोठी झाली आणि पंपही सुधारला. पण ही कमाई टिकत नाही, गरमीतलं काम सोडलं की काही आठवड्यांत जवळपास सगळी जाते. म्हणूनच मे महिन्यात नवतप्यात स्वतःला भाजून घेतलं तरी ऑक्टोबरच्या रेसला त्यातलं काही उरत नाही. उन्हाळ्यात फक्त फिटनेस सांभाळा. कडक सेशन, इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू), लांब राईड सगळं पहाटे साडेचारला सुरू करा आणि आठच्या आत घरी या. काटोल रोडचे चढ आणि सेमिनरी हिल्स पहाटेच करावेत. पोहणं पण सकाळीच, संध्याकाळी पूलचं पाणी कोमट झालेलं असतं. आणि ओपन वॉटरची, म्हणजे पूलबाहेर उघड्या पाण्यात पोहायची, प्रॅक्टिस करायला तलावात एकट्यानं कधीच उतरू नका.

गरमीचा खरा ब्लॉक रेसच्या आधीच्या तीन आठवड्यांत लावा. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबर हीट असते ती फुकटची मदत. रोज ६० ते ९० मिनिटं, हळू, बोलता येईल इतक्याच जोरात. दिवसा जमत नसेल तर घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) सायकल लावा, पंखा बंद, खिडक्या बंद, बाजूला पाण्याची बादली ठेवा म्हणजे थोडी ओल पण राहते, आणि घरात कोणीतरी जागं पाहिजे. पहिल्या दिवशी तीस मिनिटांतच जीव नकोसा होतो, थांबा, दुसऱ्या दिवशी पाच-दहा मिनिटं वाढवा. या दिवसांत वेगाचा हट्ट धरू नका, आणि शेवटचे चार-पाच दिवस फक्त छोटे सेशन, झोप आणि जेवण.

मी एकटाच निघालो असतो तर हे लिहायला राहिलो नसतो, म्हणून हा किस्सा सांगतोच. मे महिना होता, मी आणि एक मित्र पहाटे बुटीबोरीच्या पुढं निघालो, नऊला घरी यायचं होतं. दोन पंक्चर झाले आणि परतताना पावणेअकरा वाजले, दोघांच्याही बाटल्या रिकाम्या. जामठ्याच्या अलीकडं मला अंगावर काटा यायला लागला, चक्क थंडी वाजून राहिली होती, आणि मला ते बरं वाटत होतं, वाटलं वारा सुटला. मित्र म्हणे, "अबे काय बोलून राहिला तू?" मला आठवतच नाही मी काय बोललो ते. त्यानं जबरदस्तीनं मला रसवंतीच्या सावलीत बसवलं. रसवंतीवाल्या काकांनी काही विचारलंच नाही, बर्फाची लादी धुवायची बादली उचलून थेट डोक्यावर ओतली, मग दुपट्टा ओला करून मानेवर टाकला आणि वारा घालत राहिले. वीस मिनिटांनी मला समजायला लागलं की आपण कुठं आहोत. ज्याला होतं त्याला कळत नाही, डोकंच आधी जातं. त्यामुळे उन्हात दोघं जा, आणि दर पंधरा मिनिटांनी एकमेकांना काहीतरी विचारा, नंबर, तारीख, काहीही.

काटा येणं, थंडी वाजणं, लडखडणं, चिडचिड, उलटसुलट बोलणं, यातलं एक जरी दिसलं तर राईड संपली. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही म्हणजे उष्माघात, आणि तेव्हा घाम सुटत असला तरी तो उष्माघातच असतो, "घाम येऊन राहिला ना, मग ठीक आहे" असं समजू नका. १०८ ला फोन लावा, पण अॅम्ब्युलन्सची वाट पाहत बसू नका, आधी थंड करा. टब, हौद, ड्रम जे मिळेल त्यात थंड पाण्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, नसेल तर सतत पाणी ओता आणि वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात गार झाला तर माणूस वाचतो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. खिशात कांदा ठेवणं ही आपल्या आजीची माया आहे, ठेवा, पण गारवा ओल्या दुपट्ट्यानंच येतो.

आठवडाभरात ताप, जुलाब झाले असतील तर रेस सोडा, पैसे गेले तरी सोडा. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा अॅलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. आणि अंगदुखीसाठी रेसच्या दिवशी आयबुप्रोफेन वगैरे घेऊ नका, पाणी कमी असताना ते किडनीवर येतं.

रेसच्या दिवशी. आदल्या दुपारी सायकल ट्रान्झिशनमध्ये (पोहून आल्यावर सायकल घ्यायची जागा) ठेवतात आणि ती उन्हात तापते, म्हणून टायरची हवा कमी करून ठेवा आणि सकाळी भरा, नाहीतर टायर फुटल्याचा आवाज ऐकू येतो. स्टार्टच्या अर्धा तास आधी बर्फाचा चुरा शरबतासारखा हळूहळू खा, आतून गार होतं. पोहताना घाई नको, पाणी कोमट असतं आणि तिथंही घाम येतो.

सायकलवर पांढऱ्या बाह्या घाला आणि प्रत्येक एड स्टेशनला (वाटेतला पाणी-खाण्याचा स्टॉल) ओल्या करा. दुपट्टा इथं नको, हेल्मेट नीट बसत नाही आणि टोक चाकात जाऊ शकतं. पहिले तीस किलोमीटर फार हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. पॉवर मीटर (पेडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र) थंडीत जो आकडा दाखवतो तोच उन्हात धरू नका, हार्ट रेट आणि श्वास बघा, त्याच वेगाला हार्ट रेट चढत चालला तर वेग सोडा. हाफमध्ये रनिंग साधारण अकरा-बाराला सुरू होतं, फुलमध्ये दुपारी तीनच्या आसपास, म्हणजे रनिंग नेमकं वाईट वेळी येतं आणि सायकलवर वाचवलेले पाच मिनिटं तिथं चाळीस मिनिटं खाऊन जातात.

रनिंगला टोपीत बर्फ, छातीवर जर्सीच्या आत बर्फ, दोन्ही मुठीत एकेक तुकडा. प्रत्येक एड स्टेशनवर चालत जा, तीस सेकंद चाललं तरी चालतं, आधी अंगावर, मग तोंडात. घरच्यांनी बाहेरून बर्फ-पाणी दिलं तर नियमात बसत नाही, डिस्क्वालिफाय होऊ शकता, म्हणून त्यांना आधीच समजावून ठेवा की फक्त ओरडा. फुलची कटऑफ (रेस संपवायची शेवटची वेळ) साधारण १७ तास आणि हाफची साडेआठ तास असते, उन्हात त्या वेळेचा हिशोब घरून करून निघा, म्हणजे मधात घाबरून वेग वाढवावा लागत नाही.

संपल्यावर लगेच बसू नका, पाच-दहा मिनिटं हळू चाला, सावलीत जा, थंड पाणी अंगावर घ्या, मग ओआरएस घोट घोट. हॉटेलवर वजन करा. रात्रीपर्यंत लघवी झालीच नाही, किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर मेडल गळ्यात असतानाच डॉक्टरकडे जा, सकाळची वाट पाहू नका.