एल्फांच्या शेजारी घर मांडताना: हाप्नारफ्योर्दुरला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

आइसलँडमध्ये नोकरी लागली, घर हाप्नारफ्योर्दुरला बघतोय, असं कुणी कळवलं की मी कागदपत्रांच्या आणि थंडीच्या आधी खडकांबद्दल सांगते. घरासमोर, पार्किंगच्या कडेला किंवा गल्लीच्या वळणावर काळ्या लाव्हाचा मोठा खडक असेल तर त्याला हात लावू नका. त्यावर चढू नका, मुलांना तो फोडू देऊ नका, आणि ‘हा काढला तर गाडी नीट लागेल’ असं घरमालकाला सुचवू नका. इथल्या समजुतीनुसार त्या खडकात बिऱ्हाड आहे.

गाव राजधानी रेक्याविकपासून दक्षिणेला साधारण 10 किलोमीटरवर आहे. वस्ती तीस हजारांच्या आसपास, तरी देशातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं गाव हेच. सुमारे 8 हजार वर्षांपूर्वी बूर्फेट्ल नावाच्या विवरातून वाहत आलेल्या लाव्हावर ते वसलंय, त्यामुळे घरांच्या मधूनमधून शेवाळानं मऊ झालेले खडक, कपारी आणि फटी दिसतात. पत्रे ठोकलेली रंगीत घरं त्या खडकांना बगल देऊन उभी आहेत. आणि त्याच कपारींत, लोककथांप्रमाणे, दुसरं एक शहर आहे. ते अदृश्य लोकांचं, म्हणजे एल्फांचं. इथे त्यांना हुल्दुफोल्क म्हणतात.

चित्रांमधले टोकदार कानांचे एल्फ डोक्यातून काढून टाका. इथल्या कथांतले एल्फ माणसांसारखेच दिसतात, फक्त आपल्यापेक्षा सुखवस्तू असतात. त्यांचे कपडे भारी, गुरं धष्टपुष्ट, घरं उजेडानं भरलेली. शेती, मासेमारी, चर्च, लग्नकार्य सगळं त्यांच्याकडेही आहे. बाई अडली की ते माणसांतली सुईण बोलावून नेतात आणि तिला भरभरून देतात. त्यांच्या घराला धक्का लावला तर मात्र त्याची भरपाई करावी लागते. गावाच्या मधोमध हामारिन नावाचा कडा आहे. तिथे एल्फांचं राजघराणं राहतं, असं सांगतात. एर्ला स्तेफाउन्सदोत्तिर या द्रष्ट्या बाईंनी गावातल्या या अदृश्य वस्तीचा नकाशाच काढला होता. हेत्लिसगेर्दी ही 1923 सालची बाग याच लोकांसाठी प्रसिद्ध आहे. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी तिथे जा. वाटा अरुंद आहेत, खडकांमध्ये बुटकी झाडं आहेत, आणि गाव कळायला तेवढा एक फेरफटका पुरतो.

आता महत्त्वाचं. ‘तुमचा खरंच विश्वास आहे का?’ हा प्रश्न नव्या ओळखीत विचारू नका. नवीन आलेला प्रत्येकजण हसत हसत तो विचारतो आणि समोरचा माणूस मिटून जातो. बहुतेक लोक ‘आहेत’ असं ठासून सांगत नाहीत, ‘नाहीत’ असंही म्हणत नाहीत. आपल्याकडे वेशीवरच्या शेंदूर फासलेल्या म्हसोबाला वळसा घालून रस्ता जातो. रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरची श्रद्धा किती, हे कुणी विचारत नाही. इथलं तसंच समजा. शेजारच्या कोपावोगुरमध्ये आउल्फहोट्ल या टेकाडापाशी रस्ता चक्क अरुंद होतो, कारण टेकाड तिथेच ठेवलंय. आमच्या जवळच्याच गाउल्गाह्रोइन या लाव्हाच्या पठारातून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा 2013 मध्ये मोठी निदर्शनं झाली. त्या वाटेत एल्फांचं चर्च मानला जाणारा एक प्रचंड खडक होता. तो शेवटी क्रेननं उचलून बाजूला नेऊन ठेवला. 2012 च्या वारसा कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या लोकसमजुतींशी जोडलेल्या जागांनाही संरक्षण आहे, त्यामुळे याला नुसती गंमत समजू नका.

मी इथल्या एका बालवाडीत काम करते. आमच्या अंगणात कमरेएवढा एक खडक आहे, एका बाजूनं पूर्ण शेवाळलेला. मुलं बाकी सगळीकडे माकडासारखी चढतात. या खडकापाशी एखादं नवं मूल काठी घेऊन गेलं की आमच्या मोठ्या बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसतात आणि काठीचं टोक हलकेच खाली करून म्हणतात, ‘इथे कुणी राहत असेल तर?’ एवढंच. धाक नाही, गोष्ट नाही. मूल थोडा वेळ खडकाकडे बघतं आणि काठी घेऊन दुसरीकडे जातं. इथली माणसं एकमेकांशीही अशीच वागतात, असं मला वाटतं. न विचारता घरात डोकावत नाहीत, पगार-लग्न-मूल यांची चौकशी करत नाहीत, बसमध्ये शेजारी येऊन बसत नाहीत. सुरुवातीला हा कोरडेपणा वाटतो. पण समोर दिसत नसलं तरी कुणाची तरी जागा असू शकते, हे धरून चालणारी ही माणसं आहेत. एकदा ते ध्यानात आलं की इथे राहणं फार सोपं होतं.

कागदपत्रांकडे वळते. जन्माचा आणि विवाह नोंदणीचा दाखला भारतातूनच अपोस्टील करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून आणा, इथे बसून ते करवून घेणं जिकिरीचं आहे. सगळ्याचं मूळ म्हणजे केन्नीताला, 10 आकड्यांचा ओळख क्रमांक. त्यातले पहिले सहा आकडे तुमची जन्मतारीख असते. तो मिळेपर्यंत बँक खातं नाही आणि पगाराची घडी बसत नाही. त्यानंतर लगेच मोबाईलवरचं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र करून घ्या. दवाखाना, शाळा, कर, घरभाडं यांची सगळी सरकारी दारं त्यानंच उघडतात. पत्त्याची कायदेशीर नोंद, म्हणजे लोगहेइमिली, पहिल्याच दिवसांत करा. युरोपबाहेरून येणाऱ्यांना सरकारी आरोग्य विमा त्या नोंदीनंतर 6 महिन्यांनी लागू होतो, तोवर खाजगी विमा स्वतःचा लागतो. नोंद लांबली तर ते 6 महिनेही लांबतात. भाडेकरार लेखीच करा आणि त्याची नोंदणी करा. उत्पन्न मर्यादेत असेल तर घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते, आणि ती नोंदलेल्या करारावरच मिळते.

पगारपत्रक हातात आलं की त्यात युनियनची कपात दिसेल. ‘मला नको’ म्हणू नका, तिचा फार उपयोग आहे. आइसलँडिक भाषेच्या वर्गाची बरीचशी फी युनियन परत देते, व्यायामशाळेसाठी आणि चष्म्यासाठीही बऱ्याच ठिकाणी मदत असते, आणि मालकानं तास चुकीचे लावले तर तुमच्या बाजूनं बोलायला माणूस असतो. डिसेंबरमध्ये पगाराव्यतिरिक्त एक ठरलेली रक्कम येते, ती आली की नाही हे बघा. आपली मंडळी मालकाशी वाद नको म्हणून गप्प बसतात. इथे विचारणं हा वाद समजला जात नाही.

नावाचं एक सांगायला हवं. आपण मधे वडिलांचं नाव लावतो, इथे तेच शेवटी लागतं: अमुकचा मुलगा, अमुकची मुलगी. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, त्यामुळे नवरा, बायको आणि मुलं यांची शेवटची नावं वेगवेगळी असतात. फॉर्म भरताना पासपोर्टवर आहे तस्संच नाव सगळीकडे लिहा, मधलं नाव एकदा घालून एकदा गाळू नका. हाक मात्र सगळ्यांना पहिल्या नावानंच मारायची. डॉक्टर, मुख्याध्यापिका, बँकेचा मॅनेजर, सगळे पहिल्या नावानंच. सर-मॅडम म्हटलं की ते अवघडतात.

घरात शिरल्यावर गरम पाण्याचा नळ सोडाल तर अंड्यासारखा वास येईल. नळ बिघडलेला नसतो, ते पाणी जमिनीखालच्या उष्णतेचं आहे आणि वास गंधकाचा. अंघोळीला उत्तम, पण चहाला आणि भाताला थंड नळाचंच पाणी घ्या. थंड पाणी थोडा वेळ वाहू दिलं की वास जातो, आणि मग बाटलीबंद पाणी विकत घ्यायची गरजच नाही. चांदी मात्र जपा. माझी जोडवी अंघोळीच्या पाण्यानं पाहता पाहता काळी पडली, आधी कडांना पिवळट आणि मग पूर्ण काजळी. पैंजण, देवाची भांडी, निरांजन डब्यात बंद ठेवा आणि गरम पाण्यानं धुऊ नका.

पोहण्याच्या तलावावर जायला लाजू नका. सुदुरबायारलोइग असो किंवा आउस्वाट्लालोइग, गावाचा पार तिथल्या गरम पाण्याच्या कुंडातच भरतो. हिवाळ्यात माणसांशी ओळख व्हायची ती तिथेच होते. नियम एकच आणि तो कडक आहे: पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता साबणानं अंघोळ करायची. बायकांचा आणि पुरुषांचा विभाग वेगळा असतो. आपल्याला हे जड जातं, मलाही गेलं. पण तलावात क्लोरीन कमी असतं, सगळा भरवसा या अंघोळीवर आहे. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.

डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम चार तासांचा असतो. सूर्य साडेअकराच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून सुरू करा. इथले लोक माशाचं तेल घेतात, शाकाहारी मंडळींना औषधाच्या दुकानात थेंब आणि गोळ्या मिळतात. छत्री आणू नका, पहिल्या वाऱ्यात ती उलटेल. अंगालगत लोकरीचा थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट आणि बुटांना लावायचे खिळे घ्या. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, वारा ते अक्षरशः मोडून टाकतो. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा रोज सकाळी बघायची सवय लावा. घड्याळ इथे वर्षभर बदलत नाही, भारत कायम साडेपाच तास पुढे. आईबाबांना फोन करायचा तर आपलं दुपारचं जेवण म्हणजे त्यांची संध्याकाळ.

खाण्याचे हाल होत नाहीत. डाळी, पोहे, मसाले रेक्याविकच्या आशियाई दुकानांत मिळतात, बाकी रोजचं बोनुस किंवा क्रोनान या किराणा दुकानांतून घ्या. स्कीर हा इथला दह्यासारखा पदार्थ घट्टच असतो, त्यात साखर, वेलची आणि केशर घालून पाडव्याचं श्रीखंड होतं. कट्टर शाकाहारी असाल तर डब्यावर रेनेट (दूध विरजायला वापरतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं) आहे का ते वाचा. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, आणि कोकणातल्या माणसानं वाळवलेला हार्दफिस्कुर लोणी लावून एकदा खाऊन बघावाच.

गाव श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती समुद्रातून, पाण्यातून आणि विजेतून आली. हॅम्बुर्गचे व्यापारी सोळाव्या शतकात इथे ठाण मांडून होते. 1904 मध्ये गावातल्या ओढ्यावर देशातलं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं. त्या ओढ्यात आता बदकं असतात. पश्चिमेला स्त्रोयम्सविकमध्ये 1969 पासून ॲल्युमिनियमचा कारखाना आहे, तोही 1151 सालच्या लाव्हावर. तो वाढवायचा का, यावर 2007 मध्ये गावानं मतदान घेतलं आणि 88 मतांच्या फरकानं नको म्हटलं. नोकऱ्या समोर असताना निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी नको म्हणावं, हे मला या गावाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. जवळच्या रेक्यानेस द्वीपकल्पातल्या ज्वालामुखींचे धक्के अधूनमधून इथे जाणवतात. त्यासाठी भिंतीवरची जड फडताळं स्क्रूनं पक्की करा आणि पलंगाच्या डोक्याशी फ्रेम टांगू नका.

मुलं असतील तर एफएच की होइकार, हे लवकर ठरवा. दोन्ही गावचेच क्रीडा क्लब आहेत. गावपालिका मुलांच्या खेळाच्या फीसाठी अनुदान देते, ते घ्या. मुलांची दोस्ती तिथे जुळते आणि आईवडिलांचीही. बारा आणि त्याहून कमी वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही, असा कायदा आहे.

31 डिसेंबरला एल्फ घर बदलतात, अशी समजूत आहे. जुन्या चालीत घर झाडून-पुसून दिवे लावायचे आणि घराभोवती फिरून म्हणायचं की यायचं त्यांनी यावं, जायचं त्यांनी जावं, माझ्या माणसांना त्रास न होवो. आमच्या घरी आम्ही तेव्हा देवापाशी दिवाही लावतो. 6 जानेवारीला होळीसारखी आग पेटवून नाताळचा सण संपवतात, तिथे मुलांना जरूर न्या. फटाके घ्यायचेच तर बचाव पथकाच्या दुकानातून घ्या. त्यांचा वर्षाचा बराचसा खर्च त्या विक्रीतून निघतो. पथकातले सगळे स्वयंसेवक असतात, आणि वादळात गाडी बर्फात रुतून तुम्ही 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावलात तर दोरखंड घेऊन तेच येतात.